दुसऱ्या पानासाठी पुन्हा चाकण

आमच्या बार्शीतून पिंपरी-चिंचवडला जाणारे पुष्कळ. कुणी नोकरीला जातं, कुणी लेकीच्या बाळंतपणाला, कुणी मुलाचा फ्लॅट बघायला. पण फिरायला म्हणून तिकडे कुणी गेलेलं माझ्या तरी ऐकिवात नाही. मी आठ दिवस राहून परत आले तेव्हा शेजारणीनं विचारलं, "मग, काय काय बघितलंत?"

मी म्हटलं, "बायकांच्या टाचा."

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, की मी ठरवलं, हे सगळं एकदा नीट लिहूनच काढावं.

झालं असं, की माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी मेधा आकुर्डीला राहते. तिथल्याच एका कॉलेजात ती फिजिओथेरपी शिकवते, म्हणजे दुखणाऱ्या अंगाला व्यायामानं वठणीवर आणायचं शास्त्र. शिवाय तिची पीएचडी चाललीय. तिचा विषय म्हणजे चाकणच्या कंपन्यांत आठ-आठ तास उभं राहून काम करणाऱ्या बायकांच्या टाचा. काही बायकांना कामात मधेमधे बसायला मिळतं, काहींना नाही. कुणाच्या टाचा जास्त दुखतात, हे तिला त्यांनाच विचारून लिहायचं होतं. तो शोधनिबंध छापून आल्याशिवाय पीएचडी पुढे सरकत नाही म्हणे. आणि एका जर्नलचा, म्हणजे असे निबंध छापणाऱ्या मासिकाचा, नेमका याच विषयावर खास अंक निघणार होता.

अडचण एकच होती. बऱ्याच बायकांची उत्तरं मिळाली होती, पण शेवटच्या एका गावातल्या बायका तिच्याशी बोलेनात.

"मावशी, माझ्या गळ्यातलं ओळखपत्र बघितलं की त्यांना वाटतं मी कंपनीची," मेधा फोनवर म्हणाली. "तू ये. तू नुसती बसस्टॉपवर उभी राहिलीस तरी लोक तुला सासूची गाऱ्हाणी सांगतात."

खोटं कशाला बोलू, हे खरंच आहे. मी पिशवी भरली. त्यात शेंगांची चटणी, कडक भाकऱ्या आणि वाचायचा चष्मा घेतला.

आकुर्डी

आकुर्डीत पहिली गंमत ही, की तिथल्या लोकांना वेळ घड्याळानं नाही, भोंग्यानं आणि बसनं कळते. "पहिली शिफ्ट सुटली वाटतं," असं म्हणून समोरच्या बाईनं चहा टाकला. आमच्याकडे चहाला पाहुणा लागतो, इथं शिफ्ट लागते.

दुसरी गंमत म्हणजे मला आधी परवानगी काढावी लागली. मेधाच्या कॉलेजात एक नीतिसमिती आहे. माणसांना प्रश्न विचारायचे तर कुणी विचारायचे, कसे विचारायचे, त्यांचं नाव कुठं बाहेर पडणार नाही ना, हे सगळं ती समिती आधी बघते. मेधानं माझं नाव, वय, शिक्षण लिहून दिलं होतं. शिक्षण सातवी. त्यापुढचं जे काही आहे ते मी वाण्याच्या पुड्यांच्या कागदावरून आणि वाचनालयातून गोळा केलेलं. समितीनं मला पास केलं. माझ्या लग्नाच्या वेळी सासरच्यांनीसुद्धा एवढी चौकशी केली नव्हती.

मग मेधानं माझी शिकवणी घेतली.

"मावशी, आधी संमतीचा कागद पूर्ण वाचून दाखवायचा. मग सही. मग प्रश्न. उत्तर आपण सुचवायचं नाही. विचार बघू एक प्रश्न."

"बाई गं, टाच दुखत असेल ना तुझी?"

"मावशी!"

"काय झालं?"

"'दुखते का' असं विचारायचं. 'असेल ना' म्हटलंस की ती हो म्हणणारच."

"मग माणसासारखं बोलायचंच नाही का?"

मेधा हसली. तिनं आणखी बरंच सांगितलं. निबंध एका वेळी एकाच जर्नलकडे पाठवायचा. हे मला लगेच पटलं, दोन घरी एकाच वेळी कांदेपोहे करू नयेत. दुसऱ्याचं लिखाण उचलायचं नाही, पैसा कुणी दिला ते लपवायचं नाही. आणि बाईनं उत्तर दिलं नाही तर जागा कोरी सोडायची.

मी मान हलवली. मान हलवणं मला चांगलं जमतं.

चाकण, बुधवार

मेधाच्या स्कूटरवर मागे बसून निघाले. हेल्मेट माझ्या अंबाड्यावर बसेना. दोघींनी मिळून ते दाबलं, आणि उतरताना हेल्मेटबरोबर तीन आकडे आणि अंबाडा असं सगळंच निघून आलं. चाकणच्या चौकात कंटेनरच्या रांगेत अर्धा तास उभं राहिलो. एका बाजूला पत्र्याची एवढी मोठी शेड की आमचा धान्यबाजाराचा अख्खा मोंढा तिच्यात मावेल, आणि तिच्या कुंपणाला लागून कांद्याचा वाफा. मागे डोंगर. तो डोंगर त्या शेडकडे असा बघत होता, जसा म्हातारा माणूस नातसुनेच्या जीन्सकडे बघतो. बोलत काही नाही, पण बघतो.

आम्ही गेलो त्या गावाचं नाव सांगत नाही. मेधाची अट आहे. ज्या बाईकडे गेलो तिचंही खरं नाव हे नाही. आपण तिला सुरेखा म्हणू. चाळिशीची, मूळ गावातली, शेतकऱ्याच्या घरची. दारात गाय, मागे भाड्यानं दिलेल्या सहा खोल्यांची रांग, आणि स्वतः रोज सकाळी कंपनीच्या बसनं गाडीच्या वायरी जोडायच्या कामावर. मागच्या खोल्यांतल्या बायकाही त्याच कंपनीत. सुरेखा हो म्हणाली तर बाकीच्या हो म्हणणार, हे उघड होतं.

मी संमतीचा कागद वाचायला लागले. सुरेखानं हात वर केला.

"थांबा मावशी. सही कशापायी?"

"तुमची तयारी आहे एवढंच लिहायला."

"आमच्या सासऱ्यांनी बी आशीच सही दिली व्हती. तयारी हाय म्हनून. कागदात काय लिवलंय ते वाचणाऱ्यानं सांगितलं येक, आन् निघालं दुसरंच. जमीन गेली बगा." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "तवापासून आमच्या घरात कागद आला की आमी दोनदा वाचून घेतो."

मी दोनदा वाचला. तिसऱ्यांदा मेधानं वाचला. नाव कुठं छापणार नाही, नंबर असेल. कंपनीला काही कळणार नाही. वाटलं तर कधीही माघार घेता येईल.

"आमचं नाव छापणार न्हाई," सुरेखा म्हणाली. "मग छापणार कुनाचं?"

"मेधाचं," मी म्हटलं.

"वा गं वा! टाच माझी दुखणार आन् नाव हिचं व्हणार!"

मेधा लाल झाली. सुरेखा मात्र खदखदून हसली आणि तिनं सही केली, मोठ्या गोल अक्षरांत. मग म्हणाली, "आता इच्यारा. पन उद्या या. उद्या गुरुवार, सुट्टी हाय. आज गाईची धार राह्यली."

आठवड्याची सुट्टी गुरुवारी! आमच्याकडे गुरुवारी दत्ताचा उपास असतो, इथं कंपनीच विश्रांती घेते.

चाकण, गुरुवार

मेधाला कॉलेज होतं, म्हणून मी भोसरीहून बसनं एकटी गेले. कंडक्टरनं चाकणला उतरवताना पिशवी हातात दिली, "सांभाळून मावशी" म्हणाला. कॉलेजच्या समितीपेक्षा हा माझ्याबद्दल जास्त जाणून होता.

सुरेखानं मासवडी केली होती. ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगते, यात मासा नसतो. बेसनाच्या वड्यांत तीळ-खोबऱ्याचं सारण, आणि वर असा तांबडा झणझणीत रस्सा, की माझं नाक वाहायला लागलं. मी माझी शेंगांची चटणी काढली. मागच्या खोल्यांतल्या सहाही जणी आल्या, कुणी परभणीची, कुणी लातूरची. मराठवाड्याच्या पोरींना शेंगांची चटणी बघून माहेर आठवलं. मग कुणाचा नवरा, कुणाची सुपरवायझर, कुणाची सासू, सगळं ऐकलं. सह्या झाल्या, पहिल्या पानाचे, म्हणजे वयाचे आणि कामाचे, प्रश्न झाले. एकेकीला बाजूला बसवून, अगदी मेधानं शिकवलं तसं. "कामात मधे बसायला मिळतं का?" एवढंच. पुढं एक शब्द नाही. माझी मीच मला शाबासकी दिली.

दुसरं पान उघडलं आणि बाहेरून कुणीतरी ओरडलं, "पानी आलं!"

दोन मिनिटांत सातही जणी हंडे घेऊन गायब. नळ तासभर, मग धुणं, मग पोरांच्या आंघोळी. मी वाट बघितली. माझी बस होती. सुरेखा लांबूनच ओरडली, "मावशी, ऱ्हायलेलं तुमीच बगा आता!"

आणि मी बघितलं.

आता हे नीट सांगते, कारण इथंच सगळं घडलं. बार्शीत आमच्या गल्लीत मी चाळीस वर्षं लोकांचे फॉर्म भरते. रेशनचे, गॅसचे, बँकेचे, पेन्शनचे. बाया येतात, कागद टाकतात आणि म्हणतात, "बाई, तुम्हाला माहीतच आहे." आणि मला माहीतच असतं. शाळेतल्या गुरुजींनी निम्म्या गल्लीला एक जून ही जन्मतारीख दिलीय. ज्यांना शाळा मिळाली नाही त्यांना मी दिलीय. एकीला मी रामनवमी दिली. आजतागायत कुणाची तक्रार आलेली नाही. म्हणजे फॉर्म भरणं हे माझ्या दृष्टीनं दुसऱ्याच्या डोक्यावरचा हंडा उतरवण्यासारखं पुण्यकर्म.

शुक्रवारी दुपारी मेधा कॉलेजात असताना मी आकुर्डीच्या गॅलरीत बसले आणि सातही दुसरी पानं भरून टाकली. दिवसातून किती वेळ दुखतं? पुष्कळ वेळ. सकाळी पाय टेकवताना? खूप. बसायला मिळालं तर बरं वाटेल का? अर्थातच. आठ तास उभं राहिल्यावर कुणाची टाच दुखणार नाही? माझी तर चटणी कुटताना दुखते.

संध्याकाळी मेधानं गठ्ठा बघितला आणि मला मिठीच मारली. "सगळे पूर्ण! मावशी, तू ग्रेट आहेस."

मी म्हटलं, "चल, काहीतरीच."

वाकड, शनिवार

मेधाच्या मार्गदर्शक सरांनी घरी चहाला बोलावलं होतं. सोमवारी निबंध पाठवायचा शेवटचा दिवस, त्याआधी कागदपत्रं बघायची होती. वाकडला सगळ्या इमारती एकमेकींच्या खांद्यावरून बघत उभ्या. गेटवरच्या रखवालदारानं यंत्रात माझा फोटो काढला. म्हटलं, काय रे, संमतीचा कागद कुठाय? तो म्हणाला, "मावशी, ऊपर जाना है ना?"

सर चौदाव्या मजल्यावर राहतात. माणूस चांगला आहे, हे आधी सांगते. चहा त्यांनी स्वतः केला, आलंसुद्धा स्वतः किसलं. मेधाला आकडेमोड त्यांनीच शिकवली, बसून, न कंटाळता. पण लेखकांची यादी त्यांनी पुढं केली तेव्हा मला माझा चष्मा काढावा लागला. पहिलं नाव सरांचं. दुसरं मेधाचं. तिसरं प्राचार्यांचं. मग शेजारच्या विभागातल्या दोघांची.

"हे दोघं चाकणला कधी आले होते?" मी विचारलं.

"आले नव्हते," सर म्हणाले. "पण त्यांच्या निबंधात माझं नाव असतं, म्हणून आपल्यात त्यांचं."

"म्हणजे आहेर!"

सर हसले. "तसंच म्हणा."

"मग सर, लग्नपत्रिकेसारखं खाली चिमुकल्यांचंही एक घाला की. 'आमच्या मेधाताईच्या निबंधाला यायचं हं!'"

मेधानं मला पायानं ढकललं. पण सर दिलदार, खो-खो हसले. "मावशी, तुम्ही जर्नलपेक्षा कडक आहात. त्यांनीही एक रकानाच दिलाय, बघा. प्रत्येक लेखकानं नेमकं काय केलं ते लिहायचं." पेनानं ते एकेक ओळ भरायला लागले. प्राचार्यांपुढं पेन थांबलं. मग त्यांनी पुढची ओळ मोठ्यानं वाचली. बहुधा विषय बदलायला.

"'सर्व उत्तरं सहभागी व्यक्तींनी स्वतः दिलेली आहेत आणि त्यांत कोणताही बदल केलेला नाही.' इथं मेधाची सही."

मेधानं पेन घेतलं.

काय सांगू तुम्हाला. मी कप खाली ठेवला. आत्ताच मी दुसऱ्यांच्या नावांवर एवढी विनोदी झाले होते! मनात एक आवाज म्हणाला, सातच तर आहेत. दुसरा म्हणाला, सही पोरीची आहे.

"मेधा, थांब," मी म्हटलं. "दुसरी पानं मी भरली."

"म्हणजे तू लिहून घेतलंस ना?"

"नाही गं. पाणी आलं. त्या गेल्या. मी अंदाजानं भरली. सगळ्यांचं दुखतं असं लिहिलं."

मेधाचा चेहरा इतका पडलेला मी तिच्या लहानपणी एकदाच बघितला होता.

सरच आधी बोलले, अगदी मऊपणे. "सातच फॉर्म आहेत. आणि मावशींचा अंदाज काही चुकीचा नसणार. कुणाला कळणार आहे?"

हा माणूस मला वाचवत होता, आणि मला त्याचा राग आला. आपल्या चुकीला दुसऱ्यानं पांघरूण घातलं की ती केवढी मोठी दिसते!

"मला कळलं सर," मेधा म्हणाली. तिनं पेनाचं टोपण लावलं. "चूक माझी आहे. मी हिला एकटीला पाठवायला नको होतं. उद्या परत जाऊन विचारते. नाही जमलं तर सात कमी धरायचे. त्यानं निष्कर्ष पडला तर पडला."

"आणि सोमवार?"

"बघू."

चाकण, रविवार

पुन्हा मेधाच्या मागे स्कूटरवर बसून निघाले. मी हेल्मेटच्या आतून दोनदा "मेधा" म्हटलं, पण हेल्मेटातलं हेल्मेटातच राहिलं.

पहिली शिफ्ट सुटून बायका आल्या होत्या. आम्ही आधी सुरेखाकडे गेलो. मी सांगितलं. कुणाच्याही आडून नाही, सरळ. "तुमचं दुसरं पान मी माझ्या मनानं भरलं. ते फाडायचं आहे. तुम्ही परत उत्तरं द्याल का, हे विचारायला आलेय."

सुरेखा हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही.

"माझ्या तोंडचं तुमी लिवलं?"

"हो."

"तीनदा कागद वाचून दाखवलात. आन् मंग आसं?"

"तुम्हीच म्हणालात, राहिलेलं तुम्ही बघा—" मी म्हटलं, आणि म्हणताक्षणी लाज वाटली.

"बगा म्हनलं. ठिवून द्या, उद्या या, आसं बगा. आमच्या वतीनं बोला आसं न्हाई म्हनलं मी." तिचा आवाज चढला नव्हता. त्यानं जास्त लागलं. "आमच्या वतीनं कागदावर बोलणारे लई झाले मावशी. तुमी तरी बोलायला नको व्हतं."



मग ती मेधाला म्हणाली, "ताई, त्या कागदात व्हतं ना, कवाबी माघार घेता येईल म्हनून?"

"हो."

"मंग मी घेते."

मेधानं एकदाही 'पण' म्हटलं नाही. तिनं गठ्ठ्यातून सुरेखाची दोन्ही पानं काढली आणि तिच्या हातात दिली. वहीतला तिचा नंबर खोडला. माझ्या बहिणीची पोर त्या क्षणी मला केवढी उंच वाटली! नंतर ती मागच्या खोल्यांकडे गेली, एकटी. मला म्हणाली, "तू इथंच बस." हे योग्यच होतं.

सुरेखा माघार घेते म्हटल्यावर बाकीच्याही जातील, अशी मला धास्ती. पण थोड्या वेळानं तिकडून हसणं ऐकू आलं. परभणीची पोर दारातूनच ओरडली, "मावशी, तुम्ही तर माझी टाच पार मोडूनच ठिवली की वो! माझा तर गुडघा दुखतोय!" लातूरच्या दोघींचं काहीच दुखत नव्हतं. दोघीही मधे बसायला मिळणाऱ्यांतल्या. म्हणजे मेधाला जे शोधायचं होतं तेच माझ्या अंदाजानं पुसून टाकलं होतं! उरलेल्या तिघींचं दुखत होतं, पण मी लिहिलं होतं तेव्हा नाही, आणि तसं नाही.

इकडे ओट्यावर सुरेखानं माझ्यापुढं चहा ठेवला. मी म्हटलं, "माझ्यावर रागावलात ना?"

"रागावले. चा घ्या."

मी घेतला.

ती शेजारी बसली, पाय लांब करून. टाच हातानं चोळत म्हणाली, "आता कागद न्हाई ना तुमच्याजवळ?"

"नाही."

"मंग ऐका." आणि तिनं मला तिच्या टाचेचं सगळं सांगितलं. कधीपासून, कशानं, कंपनीत काय होतं, घरी काय होतं, आणि कुणाला का सांगता येत नाही. सहा फॉर्ममध्ये मिळून जे नव्हतं ते त्या अर्ध्या तासात होतं. मेधा आली तेव्हा सुरेखा गप्प झाली. वाटेत मेधानं विचारलं, "काय बोलत होतीस एवढं?" मी म्हटलं, "गाईचं." तिनं ओळखलं असणार. पुन्हा विचारलं नाही.

निबंध सोमवारी दुपारी गेला. त्यात एक वाक्य जास्तीचं आहे. काही उत्तरं विचारणाऱ्या व्यक्तीनं स्वतः भरली होती, ती काढून ते प्रश्न पुन्हा विचारले, असं. विचारणारी व्यक्ती म्हणजे मी. इतकं मानाचं वर्णन माझं पहिल्यांदाच झालं. सरांनी स्वतःचं नाव दुसऱ्या जागी नेलं, शेजारच्या दोघांचं आणि प्राचार्यांचं काढलं. प्राचार्यांना काय सांगितलं ते ते जाणोत. निबंध अजून परीक्षकांकडे आहे. छापून येईल का, मेधाला माहीत नाही, मला तर नाहीच.

हे प्रवासवर्णन लिहून झाल्यावर मात्र मी सुरेखाला फोन केला. तुमच्याबद्दल लिहिलंय, नाव बदललंय, पण आधी ऐका, म्हटलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मासवडीला ती हसली. तिच्या टाचेबद्दल तिनं सांगितलेलं एक वाक्य मी यात घातलं होतं, फार चांगलं वाक्य होतं. ते काढा, म्हणाली. मी काढलं.

"आन् बाकीचं?" मी तिच्याच बोलीत विचारलं.

मागे गाय हंबरत होती.

"बाकीचं ऱ्हाऊ द्या," सुरेखा म्हणाली. "मी आसंच बोलले व्हते."